कोऱ्या भिंतींसाठी १.८० लाख: लोन घ्यावं का?

वाचक ताई, रावेतच्या नव्या टू बीएचकेचा ताबा तुम्हाला मार्चमध्ये मिळाला आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करताय, आधी अभिनंदन! तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भिंती अगदी कोऱ्या दिसतात आणि डिझायनरने १,८०,००० चं कोटेशन दिलंय (टीव्हीच्या भिंतीला एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं, पॅनेलिंग ९५ हजार, बेडरूमचा वॉलपेपर २८, डायनिंगला टेक्स्चर ३२, भिंतीतले लाइट आणि वायरिंग २५), तर त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं, होम लोनवर ९ टक्क्यांनी टॉप-अप, म्हणजे त्याच लोनवर वाढीव कर्ज, घ्यावा की अडीच लाखांची एफडी मोडावी.

माझं मत, यातलं काहीच करू नका, पण भिंती कोऱ्याही ठेवू नका.

पर्सनल लोनचा हप्ता साधारण ६,१५० येतो आणि तीन वर्षांत व्याज जातं ४१ हजारांच्या वर. टॉप-अप स्वस्त वाटतो कारण हप्ता फक्त १,८२५ च्या आसपास, पण तो १५ वर्षं चालला तर व्याजच जवळपास दीड लाख होतं, म्हणजे पॅनेल जुनं होऊन काढून टाकाल तरी हप्ता चालूच. आणि एफडीचं म्हणाल तर तुमचा होम लोनचा ४१ हजार हप्ता आणि ३४ हजार घरखर्च धरला तर अडीच लाख म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने, अडीअडचणीसाठी बाजूला मला ते सहा महिन्यांचे हवेत, आणि तुम्ही त्यातले १.८० काढले की उरतात ७० हजार, एका महिन्याचाही खर्च भागत नाही, उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय करणार?

आता पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट. बिल्डिंग नवी आहे, तिने तुमच्या ताब्यात एकही पावसाळा पाहिलेला नाही. ओल कुठून येते, कुठल्या कोपऱ्यात पापुद्रे सुटतात हे जुलै-ऑगस्टमध्ये कळतं, आणि एमडीएफ पाणी प्यायलं की फुगतं, वॉलपेपर सुटतो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तुम्ही कळवल्यावर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण भिंत पॅनेलमागे झाकली तर ओल तुम्हाला दिसणार उशिरा, आणि बिल्डर म्हणणार तुमच्याच माणसाने ड्रिल मारलं म्हणून झालं, मग बसा भांडत. त्यामुळे या पावसाळ्यात भिंती उघड्याच राहू द्या, आणि कुठे ओल दिसली तर तारखेसकट फोटो काढून बिल्डरला लगेच ईमेल करा.

आत्ता फक्त वायरिंग करून घ्या, २५ हजारांचं, कारण नंतर भिंत फोडली की परत पुट्टी, परत रंग, खर्च दुप्पट. बाकी हॉलची एक भिंत गडद रंगाची करा, दोन-तीन लिटर इमल्शन आणि मजुरी धरून चार-पाच हजारांत होऊन जातं. आणि एक मोठं वारली चित्र घ्या, जमलं तर डहाणू-तलासरीकडच्या चित्रकाराकडूनच. जिव्या सोमा म्हशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रं, म्हणजे मुळात भिंतीचीच कला आहे. टांगलेलं चित्र घर बदललं तरी तुमच्याबरोबर येतं, चिकटवलेलं पॅनेल येत नाही आणि फ्लॅट विकताना त्याचे कोणी वेगळे पैसेही देत नाही. हे सगळं बचत खात्यातल्या ५० हजारांत बसवा, चित्राचं बजेट त्यातूनच ठरवा.

घरखर्च, हप्ता, एसआयपी जाऊन महिन्याला २० हजार उरतात म्हणालात, त्यातले १२ हजार आरडीला (बँकेतल्या दरमहा ठेवीला) टाका आणि ८ हजार एफडीत भर म्हणून. एप्रिल ते ऑक्टोबर ८४ हजार जमतात, वर थोडं व्याज. दिवाळीनंतर भिंती कोरड्या निघाल्या आणि तरीही पॅनेल हवंसं वाटलं, तर रोखीने करा, नव्याने तीन कोटेशन घेऊन, ९५ हजार मला जास्तच वाटतात.

डिझायनरला दिलेले ५ हजार टोकन बुडेल याची काळजी आहे ना, तर त्यांना वायरिंगचं काम द्या आणि टोकन त्यात वळतं करायला सांगा. नाही म्हणाले तर ५ हजार सोडा, पण त्या ५ हजारांसाठी १.८० लाखांवर सही करू नका.