एका एमसीबीवर अख्खे स्वयंपाकघर: सॉकेटचे सर्किट विभागण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डोंबिवली): आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातले सगळे पॉवर पॉइंट १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचवर) आहेत. इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम चालू असली की थोड्या वेळाने एमसीबी पडतो. वायरमन म्हणतो, २५ चा बसवून देतो. बसवू का?

बसवू नका. एमसीबी भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे. तो पडतोय, म्हणजे त्याचे काम चोख करतोय. हिशेब बघा: इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, फ्रिज २००. एकूण ४९००. त्याला २३० व्होल्टने भागले की २१ अँपिअरच्या वर जाते. १६ चा एमसीबी एवढा भार थोडा वेळ सोसतो, मग तापून पडतो. त्याच्या जागी २५ चा आला, तर तो २८ अँपिअरही तासभर निमूट जाऊ देईल. तुमच्याकडे वायर बहुधा २.५ स्क्वेअर एमएमची असेल, आणि पाइपमध्ये इतर वायरींना चिकटून गेलेली. तिच्यातून सतत २० च्या वर करंट नेऊ नये. पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते कडक होते, तडकते, आणि हे सगळे प्लास्टरच्या आत, कुणाला न दिसता घडते.

प्रश्न (नाशिक): मग सर्किट विभागायचे म्हणजे नेमके काय करायचे? बोर्डातून लूप काढून, म्हणजे जुन्या सॉकेटवरूनच वायर पुढे नेऊन, नवीन सॉकेट दिले तर चालेल ना?

नाही. लूप काढल्याने सॉकेट वाढतात, सर्किट एकच राहते. भार त्याच जुन्या वायरीतून येतो. विभागणी खरी तेव्हाच, जेव्हा डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीपासून) नवीन फेज (करंट आणणारी वायर), नवीन न्यूट्रल (तो परत नेणारी) आणि अर्थिंग ओढले जाते आणि त्या फेजला स्वतःचा एमसीबी मिळतो.

खोल्या मोजू नका, जास्त वॅटची उपकरणे मोजा. एका पॉवर सर्किटवर १६ अँपिअरची दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत आणि भार ३००० वॅटच्या आसपास थांबावा, हा आपल्याकडचा रूढ नियम मी आजही पाळायला सांगतो. गीझर आणि एसी प्रत्येकी स्वतंत्र, शक्यतो ४ स्क्वेअर एमएमवर. ओट्यावर इंडक्शन एका सर्किटवर, किटली-मायक्रोवेव्ह दुसऱ्यावर. फ्रिजचा भार किरकोळ, तरी त्याला वेगळा एमसीबी द्या. किटलीमुळे रात्री एमसीबी पडला तर सकाळी दूध नासलेले नको.

जुन्या पाइपमध्ये जागा नसेल तर वायरी कोंबू नका. कोंबताना आवरण सोलते, आणि दाटीत वायरी तापतात. सरळ बाहेरून केसिंग-पट्टी मारून घ्या. दिसायला थोडी खटकेल, पण पुढे दुरुस्तीला सोपी पडते.

प्रश्न (सांगली): वायरमनने नवीन एमसीबी लावून फेज वेगळी आणली, पण न्यूट्रल जुन्या बोर्डातूनच घेतली. तो म्हणतो, न्यूट्रलला करंट नसतो. खरे का?

साफ चूक, आणि या पानावरचा सगळ्यात धोकादायक प्रकार हाच. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलने परत येतो. दोन फेज वायरींवर प्रत्येकी १६ चा एमसीबी, पण परतीची वायर एकच, म्हणजे तिच्यात ३२ अँपिअरपर्यंत करंट येऊ शकतो. साध्या सिंगल पोल (फक्त फेज तोडणाऱ्या) एमसीबीच्या डीबीत न्यूट्रलवर राखणदार नसतोच. वायर जळेपर्यंत एकही एमसीबी पडणार नाही.

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारी कळ, असेल तर काय? दोन सर्किटे दोन वेगळ्या आरसीसीबींवर असतील, तर गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला ती पडते. लोक मग 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून ती काढून टाकतात! दोन्ही सर्किटे एकाच आरसीसीबीवर असली तर बेरीज जुळते, ती पडत नाही, आणि दोष तसाच दडून राहतो. शिवाय एक एमसीबी बंद करून काम करणाऱ्याने ती सामायिक न्यूट्रल सोडली, तर दुसऱ्या सर्किटच्या चालू उपकरणातून तिच्या सुट्या टोकावर फेज येते. माणूस दगावू शकतो.

वायरमनला पुन्हा बोलवा आणि नव्या सर्किटची न्यूट्रल डीबीपासून वेगळी ओढून घ्या. मग मेन बंद करून, सगळी उपकरणे काढून, दोन्ही सर्किटांच्या न्यूट्रल डीबीतल्या पट्टीवरून सोडवायला सांगा आणि मेगरने (वायरीचे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) एकमेकींशी तपासायला लावा. रीडिंग १ मेगाओहमच्या वर हवे. शून्याजवळ आले, तर त्या आत कुठेतरी जोडलेल्या आहेत.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इथल्या आमच्या घरात सगळ्या सॉकेटची एकच रिंग ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर आहे. ती मध्ये तोडून दोन सर्किटे करता येतील का? कोल्हापूरच्या घरीही अशीच रिंग करावी का?

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तांबे वाचवायला ही पद्धत आली. वायर २.५ चीच, पण दोन्ही टोके ब्रेकरला जोडलेली, त्यामुळे करंट दोन बाजूंनी वाटून जातो. मध्ये तोडली की प्रत्येक भाग साधे सर्किट होतो. तेव्हा दोन्हींना २० अँपिअरचे वेगवेगळे ब्रेकर लागतातच. ३२ चा तसाच ठेवणे म्हणजे डोंबिवलीचीच चूक. आधी रिंग अखंड आहे का ते तपासून घ्या, कारण तुटलेल्या रिंगवरही सगळी सॉकेट बिनबोभाट चालतात. तुमच्या स्वयंपाकघरात ३ किलोवॅटची किटली, वॉशिंग मशीन, डिशवॉशर असेल तर तो भाग २० वर टिकणार नाही. मग रिंग तशीच ठेवून स्वयंपाकघराला नवे सर्किट ओढणे बरे. इंग्लंडमध्ये नवे सर्किट इमारत नियमांच्या 'पार्ट पी'खाली कळवावे लागते, म्हणून नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच घ्या.

कोल्हापूरला रिंग नको. इंग्लंडमधल्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या प्लगमध्ये नसतो; मग ३२ च्या ब्रेकरवर उपकरणाच्या बारीक वायरीला राखणदारच उरत नाही.

प्रश्न (लातूर): सर्किटे वाढवली तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो का?

नुसत्या विभागणीने नाही. पण आता सगळे एकदम चालवणार असाल, तर बिलावरचा मंजूर भार बघा, कमी असेल तर अर्ज करा, आणि मीटरपासून डीबीपर्यंतची वायर तेवढा भार पेलते का तेही तपासून घ्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. तो जाण्याआधी प्रत्येक एमसीबीखाली कुठली सॉकेट येतात ते डीबीच्या झाकणावर त्याच्याकडून लिहून घ्या.