गोठवणाऱ्या थंडीत कोंबड्यांची काळजी: झरोके उघडे, खुराडे कोरडे

तुम्ही लिहिले आहे की रात्रीचे तापमान शून्याखाली जाऊ लागल्यापासून खुराड्याच्या सगळ्या फटी आणि वरचे झरोके तुम्ही बंद केले आहेत. तरीही कोंबड्याच्या तुऱ्याची टोके आधी पांढरट आणि आता काळपट दिसू लागली आहेत, एक जुनी कोंबडी ऐन थंडीत पिसे गाळते आहे, आणि सकाळी दार उघडले की खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पाणी साचलेले असते. यावर आत उष्णतेचा दिवा लावावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की दिवा लावू नये, आणि वरचे झरोके आजच्या आज उघडावेत. तुऱ्याचे दुखणे कशामुळे झाले हे काचेवरचे ते पाणीच सांगते आहे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 ते 42 अंश सेल्सियस असते आणि ते टिकवण्याची चांगली सोय तिच्याकडे असते. वरच्या पिसांखाली मऊ, लवदार पिसांचा दुसरा थर असतो. थंडी वाजली की ती पिसे फुलवते आणि त्यांच्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. पायांत खाली जाणारे गरम रक्त आणि वर परतणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या अगदी जवळून जातात, त्यामुळे परतणारे रक्त वाटेतच तापते आणि शरीराची उष्णता पायावाटे फारशी निघून जात नाही. रात्री ती पायांवर पोट टेकून बसते आणि मान वळवून डोके पंखाखाली घालते. पूर्ण पिसे आलेली, निरोगी आणि पोटभर खाल्लेली कोंबडी शून्याच्या बरेच खाली गेलेले तापमानही सोसू शकते. मात्र या साऱ्या व्यवस्थेला एक अट आहे, ती म्हणजे पिसे कोरडी असावीत आणि त्यांच्यातली हवा वाऱ्याने उडून जाऊ नये. पिसे ओली झाली किंवा बसल्या जागी थेट झोत लागला, तर फार कडक नसलेली थंडीही तिला आजारी पाडते.

बंद खुराड्यात ओल येते ती पक्ष्यांकडूनच. ताज्या विष्ठेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि कोंबड्या रात्रभर दांडीवर बसल्या बसल्या विष्ठा टाकत असतात. त्यात प्रत्येकीच्या श्वासातली वाफ मिळते. ही कोंदट, दमट हवा वर जाते, थंड छताला आणि काचेला लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा खाली, अंथरुणावर आणि पाठीवर ठिबकते. तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या यांवर पिसे नसतात, म्हणून हिमदंश, म्हणजे थंडीने अंगाचा भाग गोठून होणारी इजा, सर्वांत आधी तिथे होतो, आणि हवा दमट असेल तर तो कोरड्या हवेपेक्षा कितीतरी लवकर होतो. मोठ्या, उभ्या, एकेरी तुऱ्याच्या जातींना हा धोका जास्त असतो, बसक्या तुऱ्याच्या जातींना कमी. कोंबड्याचा तुरा मोठा असतो आणि तो रात्री डोके पंखाखाली घालण्यात माद्यांइतका नियमित नसतो, त्यामुळे कळपात पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. ओलीबरोबर अमोनियाही साचतो. तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करतो आणि श्वसनाच्या आजारांना वाट करून देतो. तो तपासण्यासाठी सकाळी दार उघडताच आत वाकून, कोंबड्या जिथे बसतात त्या उंचीवर श्वास घेऊन पाहावा. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला, तर हवा खराब आहे असे समजावे. दारात ताठ उभे राहून घेतलेला वास यासाठी उपयोगाचा नाही.

झरोके छताच्या लगोलग, बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यांच्या बरेच वर असावेत आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींत असावेत, म्हणजे दमट हवा वरच्या वर निघून जाते आणि दांडीच्या पातळीवरची हवा शांत राहते. कोंबड्यांच्या उंचीवर असलेल्या फटी तुम्ही बुजवल्या, हे योग्यच केले. वरच्या झरोक्यांना बारीक, मजबूत तारेची जाळी लावावी. हिवाळ्यात भुकेले शिकारी प्राणी आणि उंदीर दोघेही वाट शोधत असतात. दांडीच्या उंचीवर एखादे हलके पीस दोऱ्याला बांधून टांगावे. ते सतत हलत असेल तर तिथे झोत येतो आहे. हिमवादळाच्या रात्री वाऱ्याच्या बाजूचा झरोका तात्पुरता झाकला तरी चालेल, पण आडोशाच्या बाजूचा उघडाच ठेवावा. झरोका किती मोठा हवा याचे एकच माप सर्व खुराड्यांना लागू पडत नाही. सकाळी काच कोरडी दिसेपर्यंत तो वाढवत जावा, एवढे पुरे आहे.

आता दिव्याविषयी. उष्णतेसाठी वापरला जाणारा लाल दिवा साधारणपणे 250 वॉटचा असतो आणि त्याची काच अतिशय तापते. खुराड्यात पिसांची धूळ, पेंढा आणि भुसा भरपूर असतो, पक्षी उडताना दिव्याला धडकतात, आणि साखळी किंवा चिमटा निसटला की आग लागायला फार वेळ लागत नाही. आगीचा धोका बाजूला ठेवला तरी, रात्रभर उबेत राहण्याची सवय झालेल्या कोंबड्यांचा दिवा मध्यरात्री वीज जाऊन विझला, तर त्या थंडीशी जुळवून घेऊ शकत नाहीत. हळूहळू थंड होत गेलेल्या ऋतूत त्यांची तयारी आपोआप होत असते आणि दिवा नेमकी तीच तयारी मोडतो. कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह तर कधीही आत ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने पक्षी माणसाच्याही आधी दगावतात. ऊब खरोखर लागते ती अजून पूर्ण पिसे न आलेल्या पिल्लांना, आजारी पक्ष्यांना, अंगावर पिसेच उरलेली नाहीत अशांना, आणि ज्यांची पिसे घट्ट मिटत नाहीत अशा सिल्की किंवा उलट्या पिसांच्या जातींना. त्यांच्यासाठी भिंतीला पक्का बसवलेला, फार न तापणारा सपाट पॅनेल हीटर वापरावा, आणि पक्ष्याला त्याच्या जवळ जाता येईल तसेच दूरही होता येईल अशी जागा ठेवावी. कोंबड्यांना लोकरीचे कपडे घालण्याची हौसही टाळावी. कपड्याखाली पिसे फुलत नाहीत आणि कापड ओले झाले की ते अंगालाच चिकटून राहते.

तुमच्या कोंबड्याच्या तुऱ्याला सध्या शक्य तितका कमी हात लावावा. गोठलेला भाग चोळू नये, त्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडू नये. काळी पडलेली टोके कापण्याचा मोह होतो, पण ती कापू नयेत. मेलेला भाग खालच्या जिवंत भागाचे रक्षण करतो आणि कालांतराने आपोआप गळून पडतो. पायांच्या बोटांना हिमदंश झाला असेल, तर पक्ष्याला आत आणून पाय 38 ते 40 अंशांच्या कोमट पाण्यात हळूहळू ऊबवावेत आणि नंतर नीट कोरडे करावेत. त्याच रात्री त्याला परत बाहेर सोडायचे असेल तर मात्र ऊबवू नये, कारण एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठला की इजा अधिक खोल जाते. सूज वाढली, फोड फुटले, दुर्गंधी येऊ लागली किंवा तो खाईनासा झाला, तर पशुवैद्यकाला दाखवावे. हिमदंश वेदनादायक असतो आणि वेदनाशामक औषधाची मात्रा त्यांनीच ठरवावी. तुऱ्याला व्हॅसलीन लावण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. पातळ थर लावायला हरकत नाही, पण हवा दमट असताना त्याच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

बसण्याची दांडी गोल आणि बारीक असेल तर ती बदलावी. सुमारे 9 सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी सपाट बाजू वर करून लावली, की कोंबडीची बोटे पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात; धातूची दांडी थंडीत वापरू नये. प्रत्येकीला 20 ते 25 सेंटिमीटर जागा पुरते, आणि थंडीत त्या त्याहूनही खेटून बसतात.

जमिनीवरच्या गादीकडे मात्र मनापासून लक्ष द्यावे, कारण ओल शोषण्याचे अर्धे काम तीच करते. लाकडाचा जाड भुसा, चिरलेला पेंढा, भाताचे तूस किंवा पूर्ण वाळलेली पाने यांचा किमान 15 सेंटिमीटर थर द्यावा आणि हिवाळाभर वर नवा कोरडा थर घालत राहावे. गादी अधूनमधून खालवर करावी. वर मूठभर दाणे टाकले तर हे काम कोंबड्या स्वतःच आवडीने करतात. नीट सांभाळलेली गादी आतून संथपणे कुजते आणि थोडी ऊबही देते, पण त्यासाठी ती मुठीत दाबल्यावर भुसभुशीत राहिली पाहिजे. तिचा ओला गोळा होत असेल तर तेवढा भाग काढून टाकावा. दांडीखाली एक फळी लावून तिच्यावरची रात्रीची विष्ठा रोज सकाळी खरवडून काढली, तर खुराड्यातली बरीच ओल आणि अमोनिया बाहेर जातो. माझ्या मते हिवाळ्यातल्या सगळ्या कामांत या पाच मिनिटांच्या कामाचा मोबदला सर्वांत मोठा आहे.

पाण्याची हेळसांड झाली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. कोंबडी जेवढे खाद्य खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते. पाणी गोठले की ती खाणेही कमी करते, आणि खाणे कमी झाले की अंगात ऊब निर्माण करायला इंधन उरत नाही. वीज नसेल तर रबराची दोन भांडी ठेवावीत, म्हणजे गोठलेले भांडे उलटे करून आपटले की बर्फ निघतो आणि भांडे फुटत नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळ होण्याआधी कोमट पाणी भरावे. वीज असेल तर पाण्याच्या भांड्यासाठीच बनवलेली तापती बैठक वापरावी आणि तिची तार चोचीपासून आणि ओलीपासून दूर ठेवावी. रात्री पाणी खुराड्याबाहेर काढावे. अंधारात कोंबड्या पीत नाहीत आणि भांड्यातले पाणी आतली ओल वाढवते. भांड्याची कड अरुंद असावी, नाहीतर पिताना लाल पाळ्या पाण्यात बुडून गोठतात. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा दुसरे काही मिसळू नये. गाडीच्या रेडिएटरमध्ये वापरतात ते गोठणरोधक द्रव्य तर प्राणघातक विष आहे.

अंडी देणारी कोंबडी एरवी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि कडक थंडीत हे प्रमाण वाढते, म्हणून खाद्य मोजून न देता दिवसभर पुढे ठेवावे. मक्याने अंग गरम राहते असे सांगितले जाते. त्यात तथ्य एवढेच की झोपण्यापूर्वी खाल्लेले भरड दाणे रात्रभर सावकाश पचतात आणि पचनातून ऊब मिळत राहते. मक्यात प्रथिने जेमतेम 8 ते 9 टक्के असतात, तर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ती सुमारे 16 टक्के लागतात. त्यामुळे दाणे संध्याकाळी आणि एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच द्यावेत. अंड्याच्या कवचासाठी लागणारा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात असावा. बर्फाने जमीन झाकली गेली की कोंबड्यांना दाणे दळण्यासाठी लागणारे बारीक खडेही मिळत नाहीत, तेही ठेवावेत.

अंडी घटण्याचे मुख्य कारण लहान झालेला दिवस हे आहे. 14 ते 16 तास प्रकाश मिळाला तर अंडी सुरू राहतात, आणि त्यासाठी लहानसा साधा दिवा टायमरवर पुरतो. तो पहाटे लागेल असा ठेवावा, कारण संध्याकाळी एकाएकी अंधार झाला तर कोंबड्यांना दांडीवर चढता येत नाही. पिसे गाळणाऱ्या कोंबड्या असताना मी हा उपाय करत नाही. शरीराला ती विश्रांती हवी असते. जी अंडी मिळतील ती दिवसातून अनेकदा उचलावीत. गोठून तडकलेली अंडी खाऊ नयेत.

दिवसा कोंबड्यांना बाहेर येऊ द्यावे. बर्फावर चालायला त्या नाखूश असतात, म्हणून थोडी जागा मोकळी करून तिथे पेंढा पसरावा आणि जाळीच्या वाऱ्याकडच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक लावावे. दिवसचे दिवस कोंडून ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. उंचावर टांगलेला कोबीचा गड्डा त्यांना गुंतवून ठेवतो. छपराखाली कोरडी माती आणि वाळू भरलेले एक खोके धूळस्नानासाठी ठेवावे, कारण उवा आणि माइट नावाचे बारीक परजीवी यांचा त्रास थंडीतही थांबत नाही. काही माइट तर हिवाळ्यातच अधिक वाढतात. आठवड्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला करून पाहावे.

राहिली तुमची पिसे गाळणारी जुनी कोंबडी. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, तेव्हा नवी पिसे येईपर्यंत तिला 18 ते 20 टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे. उगवत्या पिसांच्या कोंबांत रक्त असते आणि ते दुखतात, म्हणून तिला गरजेशिवाय उचलू नये. पोट आणि पाठ उघडी पडली असतील तर तिला कडाक्याच्या रात्रींपुरते थंड पण न गोठणाऱ्या, कोरड्या खोलीत पेंढ्यावर ठेवावे. घरातल्या उबदार खोलीत आठवडाभर ठेवून एकदम बाहेर सोडणे तिला झेपणार नाही. सकाळी इतर कोंबड्या उतरल्यावरही ती दांडीवरच फुगून बसलेली, डोळे मिटलेली आणि तुरा फिकट झालेली दिसली, तर तिला लगेच आत आणावे, टॉवेलने कोरडे करावे, हळूहळू ऊब द्यावी आणि ती सावरून मान वर धरू लागल्यावरच कोमट पाणी व ओलसर खाद्य पुढे ठेवावे. तिला परत कळपात सोडायचे ते रात्री नको. वारा नसलेल्या दिवशी दुपारी सोडावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिला थंडीचीही आणि सोबतिणींचीही पुन्हा सवय होते.