वाचकांचे प्रश्न : जॉन चाउनिंग आणि संगणकातला नाद

प्रश्न : ऐंशीच्या दशकात मी एका ऑर्केस्ट्रात यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड वाजवत असे. त्याच्या आवाजामागचे तंत्र अभियंत्याने नव्हे, तर एका संगीतकाराने शोधले, असे नुकतेच ऐकले. हे खरे आहे काय? असल्यास या व्यक्तीविषयी सविस्तर लिहावे. (एक वादक, सांगली)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. त्या संगीतकाराचे नाव जॉन चाउनिंग. त्यांचा जन्म १९३४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. तरुणपणी ते तालवादक होते, अमेरिकी नौदलाच्या वाद्यवृंदात त्यांनी ड्रम वाजवले आणि पुढे ओहायोमधील विटेनबर्ग विद्यापीठात शिक्षण घेऊन ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे रचनाशास्त्र शिकायला गेले. तेथे ध्वनिक्षेपकांमधून सादर होणारे नवे संगीत त्यांच्या कानी पडले आणि सभागृहात आवाजाला फिरवता येणे हा रचनेचाच भाग होऊ शकतो, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. १९६२ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाले, पण तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओच नव्हता.

अशा वेळी बेल लॅब या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांचा, संगणक हे वाद्य कसे होऊ शकते याविषयीचा लेख त्यांच्या हाती पडला. कानाला ऐकू येऊ शकेल असा कोणताही ध्वनी तत्त्वतः संगणकातून निर्माण करता येतो, असे मॅथ्यूज यांचे म्हणणे होते. १९६४ मध्ये चाउनिंग बेल लॅबला जाऊन मॅथ्यूज यांना भेटले आणि त्यांच्या संगीतविषयक प्रोग्रॅमची छिद्रपत्रे (त्या काळी संगणकाला सूचना देण्यासाठी वापरली जाणारी, छिद्रे पाडलेली कार्डे) पेटीत भरून घेऊन आले. तोवर त्यांनी संगणकाला हातही लावलेला नव्हता. विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ट्युबा वाजवणाऱ्या गणिताच्या एका विद्यार्थ्याच्या मदतीने त्यांनी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत तो प्रोग्रॅम चालू केला.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. गायक एखाद्या स्वराला हलके आंदोलन देतो, तेव्हा तो स्वर सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा वर-खाली होतो. १९६७ मध्ये चाउनिंग संगणकातील एका साध्या, सपाट स्वराला असेच आंदोलन देऊन पाहत होते. त्यांनी आंदोलनाचा वेग आणि पल्ला वाढवत नेला, आणि एका टप्प्यावर आंदोलन ऐकू येईनासे होऊन त्या जागी वेगळ्याच नादाचा, भरलेला स्वर ऐकू आला. हे नवे आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले. गणिताचा आधार नंतर मिळाला.

ते गणित समजायला अवघड नाही. सेकंदाला ४०० कंपने असलेल्या स्वराला सेकंदाला १०० वेळा हलवले, तर त्याच्या दोन्ही बाजूंना ३०० आणि ५००, २०० आणि ६०० असे उपस्वर उमटतात. ते सगळे १००च्या पटीत असल्याने, तंबोऱ्याच्या तारेतून स्वयंभू स्वर निघावेत तसे, एकाच षड्जाला धरून राहतात. पण २०० कंपनांचा स्वर २८० वेळा हलवला, तर ४८०, ७६०, ८० असे उपस्वर निघतात (वजाबाकीत उणे ८० आले, तरी ऐकू ८०च येते). कानाला एका षड्जावर टेकता येत नाही आणि घंटेसारखा धातूचा नाद ऐकू येतो. आंदोलनाचा पल्ला स्वर चालू असतानाच वाढवला की नाद उजळत जातो. ट्रंपेटचा आवाज जोर वाढताच असाच उजळतो, हे फ्रेंच संगीतकार झाँ-क्लोद रिसे यांनी दाखवून दिले होते. त्याच धाग्यावरून चाउनिंग यांनी १९७१ मध्ये पितळी वाद्यांचे आवाज साधले. एरवी ज्यासाठी डझनावारी स्वर एकत्र करावे लागत, ते काम दोन स्वरांत होऊ लागले.

अमेरिकेतील ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना या पद्धतीचे मोल कळले नाही. जपानच्या यामाहाच्या अभियंत्याला ते चटकन उमगले आणि १९७५ मध्ये कंपनीने परवाना घेतला. त्याआधी १९७३ मध्ये, म्हणजे या पद्धतीवरील मूळ शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, स्टॅनफर्डने चाउनिंग यांना सेवेत कायम करण्याचे नाकारले होते. माझ्या मते त्या विद्यापीठाचा याहून अदूरदर्शी निर्णय सापडणे कठीण आहे, कारण पुढे याच पद्धतीच्या एकस्वाने (पेटंटने) त्याला दोन कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून दिले. चाउनिंग १९७५ मध्ये परतले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी संगणक-संगीताचे संशोधन केंद्र उभे केले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार तेथील मंडळी ‘कर्मा’ असा करतात. आपला डीएक्स-७ बाजारात आला तो १९८३ मध्ये.

प्रश्न : आवाज संगणक निर्माण करत असेल, तर त्यात संगीतकाराची रचना कोणती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चाउनिंग यांची १९७७ची ‘स्ट्रिया’ ही रचना याचे उत्तर देते. आपले सप्तक दुपटीवर उभे असते. तारषड्ज मध्यषड्जाच्या दुप्पट. ‘स्ट्रिया’मध्ये दुपटीची जागा सुवर्णगुणोत्तराने, म्हणजे १.६१८ने घेतली आहे, आणि नाद घडवणारे प्रमाणही तेच आहे. १००० कंपनांचा स्वर १६१८ वेळा हलवला की उपस्वरांची पहिली जोडी ६१८ आणि २६१८ अशी येते. ६१८, १०००, १६१८ आणि २६१८ या आकड्यांमध्ये प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या १.६१८ पट आहे. म्हणजे सप्तकाचा जो नियम, तोच प्रत्येक स्वराच्या पोटातला नियम. असा मेळ ठरवणे ही पूर्णपणे रचनाकाराची निवड आहे. यंत्राने फक्त आकडेमोड केली.

प्रश्न : प्रथम काय ऐकावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : १९७२ची ‘तुरेनास’. ती चार ध्वनिक्षेपकांसाठी रचलेली आहे, त्यामुळे हेडफोनवर तिचा काही अंश हरवतो; तरीही आवाज वळणे घेत जवळ येताना आणि लांब जाताना स्पष्ट जाणवतात. आवाज दूर गेला की थेट येणारा ध्वनी क्षीण होतो, पण सभागृहातील घुमारा जवळपास तेवढाच राहतो; या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो, आणि चाउनिंग यांनी नेमके तेच प्रमाण हाताळले. त्यानंतर ‘फोने’ ऐकावी. तिच्यात घंटेसारख्या नादातील उपस्वरांना एकसारखे हलके आंदोलन मिळते आणि त्याच नादातून गाणारा मानवी गळा पुढे येतो.