मुंबईच्या कला महाविद्यालयातली वीस मुलं इटली-फ्रान्सला न्यायची आहेत, आधी काय ठरवावं?

विमानाच्या तिकिटाआधी संग्रहालयांच्या सुट्ट्या बघा. फ्लॉरेन्सचं उफित्झी सोमवारी बंद, पॅरिसचं लुव्र मंगळवारी. मिलानला लिओनार्दो दा विंचीच्या 'द लास्ट सपर' या भित्तिचित्रासमोर फक्त १५ मिनिटं मिळतात, रोममधल्या बोर्गेझे कलादालनात दोन तास. दोन्हीकडे आरक्षणाशिवाय प्रवेश अवघड, त्यामुळे बाकीचा दिवस या वेळांभोवती बसवा.

इटली-फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. इथेच गोंधळ होतो: कार्यक्रम बदलतो, रात्री इकडच्या तिकडे होतात, अर्ज मात्र जुन्याच देशाकडे राहतो. विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध हवा. बोटांचे ठसे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः जाऊन द्यावे लागतात, म्हणून परीक्षेच्या तारखा आधी विचारा.

मोठे पोर्टफोलिओ नकोतच, दाराशीच जमा करायला लावतात. ए-५ स्केचबुक आणि पेन्सिल पुरे. रंग, शाई खोलीवर.

दिवसाला एकच मोठं संग्रहालय. तिसऱ्या तासाला मुलं चित्रं बघत नाहीत, बाक शोधतात! निघण्याआधी काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटा संग्रहातली युरोपीय चित्रं दाखवा. एकाच चित्रासमोर अर्धा तास रेखाटनाला बसवा.