चकमक घासावी की झाडावी?

‘आदिमानवाने चकमकीचे दोन दगड एकमेकांवर घासून आग पेटवली’ असे वाक्य मुलांसाठीच्या एका लेखात आले असून, त्यातील ‘चकमक’ म्हणजे दगड की लोखंड, आणि लढाईत उडते ती चकमक हा हाच शब्द का, असे एका वाचकाने विचारले आहे. प्रश्न शब्दाच्या अर्थाचा असला, तरी या वाक्यात माझ्या दृष्टीने अधिक खटकते ते त्याचे क्रियापद, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

चकमक हा शब्द मुळात तुर्की आहे आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. तुर्कीत ‘चाकमाक’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ आघात करणे, ठोकणे असा होतो, आणि आग पाडण्याच्या साधनालाही तेच नाव आहे. आजच्या तुर्कस्तानात खिशातल्या लायटरलासुद्धा ‘चाकमाक’च म्हणतात. त्या साधनासाठी लागणाऱ्या दगडाला मात्र तेथे ‘चाकमाक-ताशी’, म्हणजे चकमकीचा दगड, असा वेगळा शब्द आहे. मराठीतील ‘चकमकीचा दगड’ ही रचना नेमकी तशीच आहे, आणि चकमक म्हणजेच दगड असता तर ‘चकमकीचा’ ही षष्ठी लावण्याचे कारणच उरले नसते. म्हणून चकमक म्हणजे ठिणगी पाडण्याचे साधन, त्यातले लोखंड किंवा लोखंड-दगडाची जोडी, आणि दगड म्हणजे गार किंवा गारगोटी, असा भेद मी मानतो. आज दगडालाही सर्रास चकमक म्हटले जाते व ते चूक ठरवण्याचा माझा आग्रह नाही. पण साधनाचे वर्णन करायचे असेल, तर दोन वस्तूंना दोन नावे हाताशी असताना ती वापरावीत.

आता क्रियापद. चकमक घासत नाहीत, झाडतात. गारेचा धारदार तुकडा डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, त्याच्या धारेलगत जळून काळी झालेली सुती चिंधी अंगठ्याने दाबून ठेवायची आणि उजव्या हातातल्या पोलादाचा वरून खाली तिरका, चटकन निसटता फटका त्या धारेवर मारायचा, ही ती कृती. फटक्यासरशी गारेची धार पोलादाचा अतिसूक्ष्म कीस खरवडून काढते. तो कीस घर्षणाने तापलेला असतो आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पेट घेतो. म्हणजे उडालेली ठिणगी लोखंडाची असते, दगडाची नव्हे. मोहस् प्रमाणावर गारेची कठिणता 7 आहे आणि सामान्यतः पोलादाची तिच्याहून कमी, म्हणून हे साधते. पोलादही कडक लागते. जुनी मोडकी कानस उत्तम चालते, साध्या खिळ्याने काही होत नाही. ठिणगी चिंधीवर पडली की तांबडा ठिपका दिसतो आणि हळूहळू पसरतो. त्याला आपण ‘चिंधीने ठिणगी धरली’ असे म्हणतो. ती चिंधी वाळल्या गवताच्या चोथ्यात गुंडाळून फुंकली की धूर दाटतो आणि मग जाळ होतो. ठिणगी, विस्तव आणि जाळ या तीन वेगळ्या अवस्था आहेत, आणि लेखक त्यांची सरमिसळ करतात तेव्हा पेटवणाऱ्याचे निम्मे कष्ट वाक्यातून गळून जातात.

दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या तर क्षणभर फिकट उजेड दिसतो, त्यामुळे त्यातून आगही निघत असावी असा समज होतो. तो उजेड कशालाही पेटवण्याइतका उष्ण नसतो. लोखंड हाती येण्यापूर्वीचा माणूस गारेसारख्या दगडाच्या जोडीला पायराइट हे लोखंड आणि गंधकाचे खनिज वापरत असे, आणि तेथेही कृती आघाताचीच होती. आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फात सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ झाडावर वाढणारी बुरशी होती, ती ठिणगी धरण्यासाठी. तिच्यावर पायराइटचे कण आढळले. ‘घासणे’ हे क्रियापद आपल्या लिखाणात काडेपेटीवरून मागे सरकून आदिमानवापर्यंत पोहोचले असावे, असे मला वाटते.

लाकडाच्या बाबतीत तर मराठीला याहून नेमके क्रियापद परंपरेने मिळालेले आहे. यज्ञातील अग्नी अरणींपासून, म्हणजे खालच्या आणि वरच्या अशा लाकडाच्या दोन तुकड्यांपासून, काढतात तेव्हा तो ‘मथतात’. खाली आडवी अधरारणी असते. उत्तरारणीचा तुकडा उभ्या दांड्याच्या टोकाला बसवून, दांडा वरून दाबून धरून, त्याला गुंडाळलेली दोरी आळीपाळीने दोन्हीकडून ओढतात. ताक घुसळताना रवी जशी फिरते तसाच हा दांडा उलटसुलट फिरतो, आणि खालच्या खाचेत साठलेला तापलेला काळा भुसा अखेर धुमसू लागतो. लाकूड नुसते लाकडावर घासून आग काढण्याची रीतही आहे, उदाहरणार्थ आग्नेय आशियात चिरलेल्या बांबूवर दुसरा बांबू करवतीसारखा चालवतात, आणि तेथे ‘घासणे’ शोभेल. अरणीला ते शोभत नाही.

म्हणून मूळ वाक्य ‘आदिमानवाने गारेवर पायराइटचा दगड आपटून ठिणगी पाडली’ असे करावे. गोष्ट लोखंडाच्या काळातली असेल, तर ‘धनगराने चकमक झाडून विस्तव केला’ हे निर्दोष आहे.

लढाईतील चकमक हा शब्द तोच आहे. तो बंदुकीवरून आला असे मात्र मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेली तोड्याची बंदूक चकमकीने नव्हे, तर धुमसत ठेवलेल्या जामगीने, म्हणजे वातीने, पेट घेई. या अर्थाची वाट मला क्रियापदांतच दिसते: चकमक झाडली की ठिणग्या झडतात, आणि दोन तुकड्यांची गाठ पडली की चकमक झडते किंवा उडते. त्यामुळेच हा शब्द अल्पकाळच्या, अचानक भडकलेल्या झुंजीला लागतो. दिवसभर चाललेल्या रणसंग्रामाला वृत्तपत्रे ‘चकमक’ म्हणतात तेव्हा ‘लढाई’ हा साधा शब्दच हवा असतो. सभागृहातील दोन मिनिटांच्या खडाजंगीला ‘शाब्दिक चकमक’ म्हणणे मात्र अगदी योग्य आहे.