भावाला ‘चौकशीसाठी’ नेलं आणि सोडलंच नाही, आता काय करावं?

काल दुपारी भावाला घरून नेलं, अटकेचा कागद कुणी दाखवत नाही आणि पोलीस ठाण्यात ‘वकिलाचं नंतर बघा’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. वकिलाचं आत्ताच बघा. मी आरोपींच्या बाजूने फौजदारी खटले चालवते, म्हणून कळकळीने सांगते.

आधी वेळ लिहून ठेवा: किती वाजता नेलं, कोण आलं होतं, कोणासमोर नेलं. माणूस दुपारपासून ठाण्यात बसलेला असतो आणि अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. घड्याळ खरं कधी सुरू झालं, हे रिमांडच्या वेळीच, म्हणजे कोठडी मागायला त्याला कोर्टात उभं करतात तेव्हाच, मांडायचं. ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते फुटेज जपून ठेवावं, असा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

अटकेची कारणं लेखी मागा, तीही भावाला कळेल अशा भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. कारणं लगेच लेखी देता आली नाहीत, तर रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडायला हवीत. नुसती कलमं लिहून भागत नाही.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे त्याला भेटून सांगा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या जबाबावरून एखादी वस्तू सापडली की तेवढा भाग चालतो. म्हणून गप्प राहणंच बरं.

कोर्टात न्यायाधीश विचारतील, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ शेजारी तोच हवालदार उभा असतो आणि पोरं मान हलवून ‘नाही’ म्हणतात. मग रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, ‘तक्रार नाही’ असं येतं आणि नंतर मारहाणीचं कितीही सांगितलं तरी ती ओळ आडवी येते. मारलं असेल तर तिथेच बोलायचं, वळ दाखवायचे, वैद्यकीय तपासणी मागायची.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि पहिल्या रिमांडची तारीख विसरू नका. त्या तारखेपासून गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. फक्त अर्ज दोषारोपपत्राच्या आधी दाखल झालेला हवा.