नवऱ्याच्या लॅपटॉपवर माझं व्हॉट्सअ‍ॅप

प्रश्न : ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. साखरपुड्यानंतर आम्ही एकमेकांना पासवर्ड दिले, तेव्हा छान वाटलं होतं. गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या लॅपटॉपवर माझं व्हॉट्सअ‍ॅप उघडं दिसलं. बहिणीने तिच्या गर्भपाताबद्दल मला लिहिलेलं सगळं त्याने वाचलं होतं. विचारलं तर म्हणाला, "लपवण्यासारखं काही नाही ना, मग बिघडलं कुठे?" माझंच चुकतंय का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही गं, तुझं काही चुकत नाही. पासवर्ड तुझा होता, तो तू दिलास. बहिणीचं दुखणं तुझं नव्हतं, ते कुणाला वाचायला देण्याचा हक्क तुलाही नव्हता. त्याला हे अगदी असंच सांग. तुझ्यावर संशय आहे की नाही, हा वाद त्यात आणूच नकोस.

माझ्या आईला माहेरून आलेलं निळं आंतर्देशीय पत्र आधी आजोबा फोडायचे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, घरची रीतच तशी. पण आईनेही मग कधी खरं काही लिहिलं नाही. ताप अंगात असतानाही "इकडे सर्व क्षेम". आजोळची आजी गेल्यावर ती पत्रं मी पाहिली. वीस वर्षांचं क्षेम, ओळीमागून ओळ. तुझं आणि बहिणीचं तसं होऊ नये, असं मला फार वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघड. फोनखेरीज आणखी ४ ठिकाणी तुझं खातं जोडलेलं असू शकतं, ती यादी तिथे दिसेल. त्यातल्या लॅपटॉपच्या नावावर बोट ठेवून लॉग आउट कर, पण आधी त्याला सांगून. फोनचा पासवर्डही बदल. अडीअडचणीसाठी दोघांनी तो बंद पाकिटात कपाटात ठेवावा. लोकेशनचंही बोलून घ्या. लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांनी आपोआप बंद होतं. रात्री कॅबने येताना तासभर पाठवलंस की पुरे.

हे बोलायचीच भीती वाटत असेल, तो आरडाओरडा करेल, फोन हिसकावेल असं वाटत असेल, तर मात्र लॉग आउटची घाई नको. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनशी बोल.

आणि बहिणीला आजच फोन कर, मेसेज नको. तिचं लिहिलेलं वाचलं गेलंय, हे तिला तुझ्याच तोंडून कळू दे.